घेणाऱ्याने बघून घ्यावं?

जुनी दुनळी बंदूक घेताना जाणकार माणूस आधी नक्षीकाम बघत नाही. तो ती बिजागरीवर उघडतो, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करतो आणि नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढून बाजूला ठेवतो. मग बंदूक बंद करून, दस्त्याच्या मानेपाशी धरून नळ्या हलवून बघतो. त्या लाकडातली स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून ठेवते, त्यामुळे ते जागेवर असताना झिजलेली बंदूकही घट्ट वाटते. ते काढलं की खरं कळतं.

त्यानंतर बंदूक उजेडासमोर धरायची. नळ्यांचं मागचं तोंड ज्या सपाट पोलादी भिंतीला टेकतं, तिथे उजेडाची रेघ दिसली तर समजायचं, बिजागरीचा खिळा आणि त्यावर बसणारा आकडा झिजलाय. वरची, अंगठ्याने उघडायची पट्टीही बोलते. नव्या बंदुकीत ती सहसा मध्यापासून थोडी उजवीकडे थांबते, झीज वाढते तशी मध्याकडे आणि पुढे डावीकडे सरकते.

आता प्रश्न असा की, घेणाऱ्याला हे सगळं तपासता येत असेल तर विकणाऱ्याने आपणहून काही सांगायला हवं का?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या काकांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची इंग्लिश बनावटीची बाराबोर दुनळी आहे. डुकरांसाठी आजोबांनी घेतलेली. आता काकांना ती रीतसर, परवानाधारकालाच विकायची आहे, कारण घराचं छप्पर करायचंय. मी लाकूड काढून नळ्या हलवल्या. त्या हलतात. काकांना हे माझ्या आधीपासून माहीत होतं. ते म्हणाले, “मी कुणाशी खोटं बोलणार नाही. पण घेणाऱ्याने बघून घ्यावं.”

या बाजारात खरी लबाडीही चालते. आकडा हातोडीने ठोकून धातू पसरवतात किंवा मध्ये पातळ पत्रा सरकवतात. बंदूक काही बार घट्ट राहते, मग पुन्हा ढिली होते. हे न बोलता खोटं बोलणंच आहे, आणि काका ते कधीच करणार नाहीत. त्यांचा प्रश्न फक्त गप्प राहण्याचा आहे.

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. इ.स.पू. ४४ मध्ये रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकतोय. घराच्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलंय, पण हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, घ्यायची सक्ती केली नाही, मग फसवलं कुठे? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण इथे तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकू देता. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो.

मी हे काकांना सांगितलं. ते हसले. “तुम्ही सॉफ्टवेअरवाले सगळे दोष सांगून विकता का रे?”

टोमणा बरोबर बसला. आमच्या परवाना-करारात ‘जसं आहे तसं’ ही ओळ असतेच. पण नव्या आवृत्तीसोबत माहीत असलेल्या त्रुटींची यादी देण्याचीही आमच्यात पद्धत आहे, आणि ज्या टीम ती प्रामाणिकपणे देतात त्यांच्यावरच आम्ही भरवसा ठेवतो. ‘टेस्ट करून घ्या’ म्हटल्याने ही यादी अनावश्यक होत नाही, कारण टेस्ट करणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते माहीत नसतं.

बंदुकीचंही तसंच. नळ्या हलतात हे हाताला कळतं. पण नळीची भिंत आतून घासून पातळ झाली असेल तर ते खास मापकाशिवाय कळत नाही. पातळ नळी फुटू शकते, आणि बार उडवणाऱ्याचा पुढचा हात तिच्याजवळच असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तर ती बंदूक घेतलेलीही नसते, त्याने काय बघून घ्यायचं होतं?

इंग्लंडने याचं उत्तर कायद्यात दिलं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ मधलं. तिथे नेहमीपेक्षा जड बार उडवून नळी तपासतात आणि टिकली तर ठसा मारतात. १८६८ च्या कायद्याने त्या चाचणीत न बसणारी बंदूक विकणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे ज्या देशात ‘घेणाऱ्याने सावध राहावं’ हे सूत्र बाजारात रुळलं होतं, तिथेच या वस्तूपुरतं ओझं विकणाऱ्यावर टाकलं गेलं.

काकांची अडचण मला कळते. झीज सांगितली की किंमत पडणार, आणि छप्पर पावसाआधी व्हायला हवं. पण झीज हा बंदुकीचा दोष नाही, ते तिचं वय आहे. चांगला कारागीर नवा खिळा बसवून ती पुन्हा घट्ट करू शकतो. त्या खर्चाइतकी किंमत कमी करून मागणं म्हणजे नुकसान नव्हे. ते पैसे आपले नव्हतेच. गप्प राहून मिळाले असते, तर ते समोरच्याच्या अज्ञानाचे मिळाले असते.

काकांनी अजून ठरवलेलं नाही. मी मात्र त्यांना एवढंच सुचवलंय की, गिऱ्हाईक आलं की बंदूक हातात देण्याआधी पुढचं लाकूड आपणच काढून ठेवा.