नावे आणि जमा

बँकेत बावीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाला एकच धर्म ठाऊक : प्रत्येक नावेसमोर कुठेतरी जमा असतेच. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने 1494 साली हे छापून ठेवलं, आणि त्यापायी बी.कॉम.ला आम्ही रात्री जागवल्या. पण गेल्या वर्षी माझी बायपास झाली आणि पाचोलीबुवांची विद्या तोकडी पडली.

विम्याने निम्मंच बिल उचललं. बायको बांगड्या काढून बसली होती, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी पाकीट घेऊन आले. आत पैसे, कोणी किती दिले त्याची यादी नाही. पाण्याच्या टाकीवरून ज्यांच्याशी मी दोन वर्षं अबोला धरला, तेच हे गृहस्थ! रक्त द्यायला चौघे गेले, त्यांत आमचा इस्त्रीवाला.

घरी आल्यावर वही उघडली. पैशाचे हप्ते पाडता येतील हो. पण समोरच्या काकूंनी महिनाभर बिनमिठाची भाजी पोचवली, ती कुठल्या खात्यावर टाकू? आणि रक्त? हृदयरोग्याचं रक्त रक्तपेढी घेतच नाही. म्हणजे परतफेड नियमानेच बंद! मग मला हे खुपतंय ते कृतज्ञतेपोटी, की कुणाचं देणं नको या ताठ्यापोटी? दुसरंच असावं.

शेवटी इस्त्रीवाल्यालाच विचारलं, "बाबा रे, तुझं किती देणं लागतो?"

"सात कपड्यांचे सत्तर, साहेब."

मी शंभराची नोट पुढे केली, म्हटलं, "राहू दे." त्याने तीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले.