न बोलणाऱ्याचा होकार

ढाणकीसारख्या गावातला शेतकरी सोयाबीन-कापसासाठी पीककर्ज काढतो, तेव्हा पीकविम्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही तरी निर्णय होऊन जातो. 2020च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना कर्जदारांसाठी ऐच्छिक झाली. पण विमा नको असेल, तर नोंदणीच्या मुदतीच्या किमान 7 दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. दिलं नाही, की हप्ता खात्यातून कापला जातो. गप्प बसला, म्हणजे हो म्हणाला.

गप्प राहण्याचा अर्थ काय धरायचा, हाच प्रश्न कोडमधले बदल सांभाळणारं ‘गिट’ वापरणाऱ्या प्रोग्रॅमरपुढेही असतो. आपलं काम सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर पाठवायला नुसतं ‘गिट पुश’ टाइप केलं, कोणती ब्रँच (कामाची वेगळी शाखा) ते सांगितलंच नाही, तर काय जावं? जुनं उत्तर होतं ‘मॅचिंग’: ज्या ब्रँचचं नाव दोन्हीकडे सारखं, त्या सगळ्या. अर्धवट सोडलेली दुसरी ब्रँचही सोबत निघायची. त्यात सर्व्हरवरचं बळजबरीने बदलणारा ‘फोर्स’ जोडला, तर सहकाऱ्यांनी मधल्या काळात पाठवलेलं काम सर्व्हरवरच्या ब्रँचमधून उडायचं. मे 2014मध्ये आलेल्या गिट 2.0ने उत्तर बदललं. आता ‘सिंपल’: तुम्ही ज्या ब्रँचवर आहात तीच जाते, आणि सर्व्हरवरच्या तिच्या जोडीदाराचं नाव तेच असेल तरच. नाहीतर गिट थांबतं आणि कुठे पाठवायचं ते स्पष्ट लिहायला सांगतं.

नवी ब्रँच पाठवताना हे अडणं अनेकांना खटकतं. 2022च्या 2.37 आवृत्तीत सर्व्हरवरच्या जोडीदाराशी जोडणी आपोआप करणारं सेटिंग आलं, पण ते ज्याला हवं त्याने चालू करायचं. हे मला पटतं. अडल्याने मिनिटभर जातं. दुसऱ्याचं पुसलेलं काम शोधण्यात दिवस जाऊ शकतो.

मग विम्यातही गप्प राहणं म्हणजे नकार धरावा का? मला तसं वाटत नाही. पावसाच्या भरवशावरच्या शेतीत विम्याविना गेलेलं एक वर्ष घर मोडू शकतं. तिथे कमी धोका होकारात आहे. मात्र गिटकडून एक गोष्ट घ्यावी. नियम बदलण्याआधीच्या आवृत्त्यांत, ज्यांनी नुसत्या पुशने काय जावं हे स्वतः ठरवलं नव्हतं, त्यांना पुश करतानाच इशारा दिसे: अर्थ बदलणार आहे, जुना हवा की नवा ते आताच निवडा. कर्जाच्या कागदावर सही घेतानाही तसंच व्हावं. नकाराचा रकाना आणि शेवटची तारीख ठळक मराठीत, सहीच्या अगदी वर असावी, आणि समोरच्या कर्मचाऱ्याने ती वाचून दाखवावी.