हक्काविना आशा

डिसेंबर-जानेवारीत ब्रिटनमध्ये रात्रीचे साडेनऊ-दहा वाजले की कितीतरी घरांत एकच उद्योग सुरू होतो. अमेरिकेच्या जीएफएस या हवामान-मॉडेलची दिवसातली चौथी आणि शेवटची फेरी त्या सुमारास बाहेर पडू लागते. पुढच्या सोळा दिवसांचे नकाशे एकामागून एक उमटत जातात आणि हौशी हवामान-निरीक्षक त्यांत एवढेच शोधत असतात की बर्फ येणार का. ही वेळ पबमध्ये बसण्याची, म्हणून या फेरीला त्यांनी ‘पब रन’ असे नावच देऊन टाकले आहे. दीड किलोमीटर उंचीवरची हवा उणे पाच अंशांच्या खाली जाते का, वारा पूर्वेकडून वळतो का, हे त्यांना नकाशावरून नेमके वाचता येते. ही माणसे अडाणी नाहीत आणि नवस बोलणारीही नाहीत. आपल्या पाहण्याने आकाशातला एक कणही जागचा हलत नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही ती आशा धरतात, जागतात, नकाशा फिरला की हिरमुसतात. जे घडवण्यात आपला काडीचाही हात नाही आणि जे घडेलच असे कुणालाही ठामपणे सांगता येत नाही, त्याची आशा धरणे शहाणपणाचे आहे का? निमित्त बर्फाचे असले तरी प्रश्न धर्मविचारातला आहे आणि फार जुना आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे.

आधी हे पाहायला हवे की आशा नेमकी ब्रिटनमध्येच का उगवते. लंडनच्या अक्षांशावर कॅनडात महिनोन्महिने बर्फ साचलेला असतो; तिथे त्याची कुणी वाट पाहत नाही, फावडे घेऊन तो बाजूला करतात. ब्रिटनला मात्र अटलांटिकवरून येणारे पश्चिमेचे वारे ऊब पुरवत राहतात, त्यामुळे तिथला हिवाळा पाऊस आणि बर्फ यांच्या सीमेवर रेंगाळतो. जमिनीलगतची हवा शून्य ते दोन अंशांत असेल तर दाट बर्फ पडू शकतो, आणि एखाद-दुसऱ्या अंशाने ती वर गेली की त्याच ढगांतून नुसता गार पाऊस येतो. तिथल्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही बर्फाची एक पाकळी पडताना दिसली तरी तो ‘श्वेत नाताळ’ ठरतो. पण नाताळाच्या दिवशी देशभर जमीन पांढरी झाली, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक केंद्रांवर बर्फ साचलेला होता, असे १९६० पासून पुढच्या अर्धशतकात चारदाच घडले : १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. जिथे खात्री आहे तिथे आशेचे काम नाही आणि जिथे अशक्यता आहे तिथेही नाही. एका अंशाच्या फटीत ती जगते.

मराठी वाचकाला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. रोहिणी कोरड्या गेल्या की मृगाकडे डोळे लावणारा आपला समाज आहे आणि ‘देव पाण्यात घालून बसणे’ हा आपला वाक्प्रचार आहे. पण त्या वाट पाहण्यात गरज असते. पेरणी अडलेली असते, विहीर आटलेली असते. म्हणून तिथे आशेचे मागणे होते आणि मागण्याचे साकडे. ख्रिस्ती परंपरेतही हेच दिसते. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात पावसासाठी एक प्रार्थना आहे आणि पाऊस थांबून उघडीप व्हावी म्हणून दुसरी. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाने या मागण्यांवर थेट आक्षेप घेतला. निसर्गनियमांनी बांधलेल्या वातावरणात विनवणीने फरक पडतो असे म्हणणे म्हणजे चमत्कार मागणेच होय, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर १८७२ मध्ये इंग्लंडात मोठा वाद झडला. टिंडल यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्याने मागणे बाद होते, आशा बाद होत नाही. बर्फाची वाट पाहणारा कुणाकडे काही मागत नाही. त्याला बर्फाची गरज नाही, बर्फावर त्याचा दावा नाही, आणि देवाने आपल्यासाठी वाऱ्याची दिशा बदलावी असेही त्याला वाटत नाही. मागणे वजा केल्यावर आशेत काय उरते, हे तपासायला म्हणूनच हे उदाहरण फार उपयोगी आहे.

पहिला मोठा आक्षेप तत्त्वज्ञांचा आहे. स्टोइक पंथाच्या एपिक्टेटस याने जगाचे दोन भाग केले, आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे, आणि दुसऱ्या भागात मन गुंतवणाऱ्याला तो गुलाम समजत असे. स्पिनोझा आणखी खोलात गेला. त्याच्या मते आशा हा अनिश्चिततेतून आलेला डळमळीत आनंद आहे, आणि भीतीवाचून आशा असूच शकत नाही. म्हणून बुद्धीने चालणारा माणूस दोन्हींपासून सुटायला बघतो. आपल्याकडेही आशेला साखळी म्हणण्याची रीत जुनी आहे. हा आक्षेप पोकळ नाही. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला ध्रुवावर, तीसेक किलोमीटर उंचीवरच्या स्थितांबरात, हवा काही दिवसांत झपाट्याने तापली आणि हिवाळ्यात तिथे फिरणारा वाऱ्यांचा भोवरा फुटला. आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ च्या मध्यास, असेच झाले होते आणि दोन आठवड्यांत रशियाकडून आलेल्या पूर्ववाऱ्याने ब्रिटन गोठवून टाकले होते. साहजिकच २०१९ मध्ये आशा शिगेला पोहोचली. जानेवारीच्या शेवटी काही भागांत बर्फ पडलाही, पण वाट पाहिलेला तो मोठा पूर्ववारा आलाच नाही. उलट २६ फेब्रुवारीला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश तापमान नोंदले गेले, ब्रिटनच्या हिवाळ्यातला तोवरचा उच्चांक. साखळीने बांधलेला माणूस कसा फरफटतो ते पाहायचे तर त्या आठ आठवड्यांकडे पाहावे.

तरीही मला हा आक्षेप अर्धाच पटतो. गीतेने फळाच्या बाबतीत जो शब्द वापरला आहे तो ‘अधिकार’ आहे. फळ हवेसे वाटणे एक आणि त्यावर आपला हक्क आहे असे मानणे दुसरे. शेतकऱ्याला पीक हवेच असते. ते नको म्हणणारा शेतकरी निष्काम ठरत नाही, बेफिकीर ठरतो. बांधून टाकतो तो हक्क. हक्क मोडला की संताप येतो, कुणावर तरी दोष ठेवला जातो, हवामान खात्याला शिव्या दिल्या जातात. नुसती आशा मोडली तर वाईट वाटते आणि ते वाईट वाटणे प्रामाणिक असते. स्टोइकांना ते वाईट वाटणेही टाळायचे होते. पण त्यासाठी जगातल्या सुंदर गोष्टींकडे आधीच पाठ फिरवावी लागते, आणि ही किंमत मला जास्त वाटते. ज्याला कशाचीच ओढ नाही त्याला निराशा शिवणार नाही हे खरे. त्याला बर्फही दिसणार नाही, फक्त निसरडा रस्ता दिसेल.

आता अट. आशा धरावी, पण तिला पुराव्याच्या जागी बसवू नये. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्या यादीत इच्छेला जागा नाही. बर्फाच्या हौशीची खरी परीक्षा इथे होते, आणि ती किती कठीण आहे हे एडवर्ड लॉरेंझ यांच्या कामामुळे कळते. १९६१ च्या हिवाळ्यात एमआयटीमध्ये त्यांनी संगणकावर हवामानाचे एक छोटे गणित मधूनच पुन्हा चालवले. ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला, आणि काही काळात दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. सुरुवातीचा कणभर फरक पुढे सगळे बदलून टाकतो, हे १९६३ मध्ये त्यांनी शोधनिबंधात मांडले. म्हणून आज कुठलेही मोठे केंद्र लांबच्या अंदाजासाठी एकाच उत्तरावर विसंबत नाही. युरोपीय देशांचे केंद्र १९९२ पासून सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक अंदाज एकत्र चालवत आले आहे. आज ते पन्नास आहेत आणि एक मूळचा. तापमानाच्या आलेखावर पहिल्या चार-पाच दिवसांत या एक्कावन्न अंदाजांच्या रेषा जवळजवळ राहतात, मग झाडूच्या काड्यांसारख्या फाकतात. दहाव्या दिवशी त्यातल्या दोन-तीन रेषा बहुधा उणे दहाकडे झेपावलेल्या असतात. मनाची फसवणूक तिथेच होते. हव्या त्या रेषेवर बोट ठेवायचे, ‘या फेरीला काहीतरी कळले आहे’ म्हणायचे, आणि पुढची फेरी उबदार निघाली की ती चुकीची ठरवायची. मॉडेल असे वाचणारा हवामान पाहत नसतो, कौल लावत असतो. पाकळी उजवीकडून पडेपर्यंत लावत राहण्यासारखे. शास्त्राचे कागद हातात असूनही मन शकुन पाहणाऱ्याचे होते, आणि त्यात मला आशेचाच अपमान दिसतो. एक्कावन्नांपैकी सहा रेषा बर्फ दाखवतात हे सहाच म्हणून वाचायचे, पंचेचाळीस नकोशा रेषांकडेही तितक्याच सरळ डोळ्यांनी पाहायचे, आणि त्यानंतर त्या सहांसाठी मनातला दिवा लावून ठेवायचा. हे जमणारे लोक या छंदात आहेत. ज्याला जे हवे आहे त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याने स्वतःच मांडावा, ही सचोटी आपल्या सार्वजनिक जीवनात फार कमी दिसते. श्रद्धेच्या क्षेत्रात तर ती आणखी दुर्मीळ आहे, म्हणून मला तिचे मोल वाटते.

सर्वांत जड आक्षेप नीतीचा आहे आणि तो मी शेवटासाठी मुद्दाम ठेवला. बर्फाची इच्छा म्हणजे कुणाच्या तरी हालांची इच्छा नाही का? १९४७ साली जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ब्रिटन बर्फाखाली होते. युद्धातून नुकत्याच बाहेर आलेल्या देशात आधीच कोळशाची टंचाई होती. रूळ अडले, वीज कापावी लागली, कारखाने बंद पडले, मेंढ्या गारठून मेल्या, आणि बर्फ वितळल्यावर पूर आले. १९६२-६३ चा हिवाळा तर मध्य इंग्लंडच्या नोंदींत १७४० नंतरचा सर्वांत थंड होता. २०१८ च्या पूर्ववाऱ्यातही माणसे दगावली, गाड्या रात्रभर महामार्गावर अडकल्या. हौशी लोक या वर्षांची नावे आदराने घेतात. ज्याचे घर गरम आहे त्याचा हा आनंद ज्याच्या घरात हीटर लावायला पैसे नाहीत त्याच्या अंगावर काटा आणणारा आहे.

इच्छेने बर्फ पडत नाही, मग दोष कसला, असे उत्तर देऊन सुटता येईल, पण ते उत्तर अपुरे आहे. इच्छेचा परिणाम आकाशावर होत नसला तरी इच्छा करणाऱ्यावर होतो. शेजाऱ्याचे वाईट व्हावे असे मनात आणणाऱ्याला, काहीच घडले नाही तरी, आपण निर्दोष मानत नाही. त्यामुळे फरक इच्छेच्या विषयात शोधायला हवा. बर्फ हवा असलेल्याला हाल हवे नसतात. हालांवाचून बर्फ आला तर त्याला ते अधिक आवडेल. पण एवढे म्हणून तो मोकळा होत नाही. ज्याला बर्फ पाच दिवस आधी दिसला त्याच्यावर ते दिसल्याची जबाबदारी आली. इतरांना बातमी संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये कळते, त्याला आधीच कळलेली असते. एकट्या राहणाऱ्या शेजारणीची औषधे आणणे, दारापुढे मीठ टाकून ठेवणे, ‘शुक्रवारी निघू नका’ असे वेळेवर सांगणे ही कामे इतर कुणाआधी त्याची आहेत. हे करणाऱ्याचा आनंद मला निर्मळ वाटतो. जो फक्त खिडकीशी बसला त्याच्यावरचा आक्षेप टिकतो, आणि त्याचा बचाव करण्याची माझी इच्छा नाही.

एवढे कशाला, बर्फ पडेल तेव्हा पाहावा, आधीपासून झुरायचे कशाला, असाही एक व्यवहारी प्रश्न येतो. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेत व्हरमाँटच्या जेरिको गावचा विल्सन बेंटली हा शेतकरी पुरेसा आहे. १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकातून हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांहून अधिक घेतली. कण वितळायच्या आत काम उरकायचे म्हणून थंडगार खोलीत, श्वास आवरून. वाट पाहण्याने नजर तयार होते आणि तयार नजरेला आलेल्या वस्तूतले जास्त दिसते. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने वाट पाहणे आणि अवधान यांना प्रार्थनेच्या जवळ नेले, आणि त्या अवधानात मागणे नसते हे तिने ओळखले होते. ब्रिटनमधले हौशी लोक शेवटी सगळे नकाशे बंद करतात आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत उभे राहतात, कारण पावसाचा थेंब सरळ खाली येतो की पाकळी तरंगत येते हे त्या उजेडाच्या वर्तुळात सर्वांत आधी कळते. तिथे कुठलेच मॉडेल उपयोगाचे नसते.

लंडनला, लेस्टरला तुमचे कुणी राहत असेल आणि फोनवर उत्साहाने सांगेल की पुढच्या आठवड्यात बर्फ येतोय म्हणतात, तर त्याला हसू नका. एक्कावन्नांपैकी किती रेषा तसे सांगतात ते विचारा. मग शेजारच्या आजींचे सामान आणून ठेवले का, तेही विचारा.