मनूचा घडा

शतपथ ब्राह्मणातली मत्स्यकथा लोकांच्या लक्षात राहते ती प्रलयामुळे. नाव, माशाचं शिंग, त्याला बांधलेला दोर, उत्तरेकडच्या पर्वताला लागलेला तरंगता संसार. तिची सुरुवात मात्र घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटावी. सकाळी हात धुवायच्या पाण्यातून मनूच्या ओंजळीत एक पिटुकला मासा येतो आणि अभय मागतो. भीती कुणाची, तर माशांचीच. लहान असेपर्यंत आपल्याला आपलीच जात गिळते, ही त्याची तक्रार. तोडगाही तोच सुचवतो: आधी घड्यात ठेव, घडा पुरेनासा झाला की खड्डा खण, खड्डाही अपुरा पडला की समुद्रात सोड.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये ऑस्कर नावाचा मासा घ्यायला गेलेल्या माणसाशी पिशवीतला मासा बोलत नाही. दोन बोटांएवढं ते काळं-केशरी पिल्लू दीड-दोन वर्षांत वीतभराहून मोठं होतं आणि पुढे फूटभरापर्यंत जातं. मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. तोंडात मावेल ते अन्न, एवढा त्याचा साधा हिशेब. सोबतीला सोडलेले निऑन टेट्रा आणि गप्पी एका रात्रीत दिसेनासे होतात. सकाळी पोरं रडवेली होतात आणि घरातलं मोठं माणूस निकाल देऊन टाकतं: हा मासा मारकुटा आहे.

हा निकाल कितपत न्याय्य आहे? ‘मत्स्यन्याय’ हा शब्द आपल्या राजनीतीच्या ग्रंथांनी माशांकडूनच उचलला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कथा येते की मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला देऊ केला. परंपरेने माशाचा त्राता आणि मत्स्यन्याय थांबवणारा पहिला राजा एकाच नावात गुंफले, हे गमतीचं आहे. राजा नसला की मोठा लहानाला खातो, असं शास्त्र सांगतं. पण काचेच्या टाकीला तर राजा असतो. प्रजा कोण, जागा किती, जेवण कधी, दिवा कधी मालवायचा, सगळं तोच ठरवतो. तिथे मत्स्यन्याय चालू राहिला तर तो अराजकाचा म्हणता येत नाही. तो राजाज्ञेने चाललेला असतो.

योगसूत्रांनी हिंसेचे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. जैन आचारातही हीच विभागणी आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांमध्ये ‘असतीपोषण’ येतं आणि हिंस्र प्राणी पोसणं त्यातच मोडतं. या मोजपट्टीने ऑस्करच्या पदरी काहीच दोष पडत नाही. नदीत चावा घेणाऱ्याला पुढे जायला पाणी असतं आणि चावा खाणाऱ्याला पळायला. चार फुटांच्या काचेत पळणारा पुन्हा त्याच कोपऱ्यात येतो. हे ‘करवलेलं’ आहे. आणि गंमत म्हणून जिवंत गोल्डफिश टाकून पाहुण्यांना दाखवणं, ते तर तिन्ही खात्यांत जमा करावं लागेल.

अनुभवी पाळणारे हे तत्त्वज्ञान न बोलता आचरतात. तोंडात मावणार नाही असाच सोबती निवडायचा. रंगरूपाने सारखा नको, कारण सारखेपणात प्रतिस्पर्धी दिसतो. अंगावर चिलखतासारखी कवचं असलेला सकर तळाशी चालतो, चपळ आणि पसरट सिल्व्हर डॉलर माशांचा थवा मधल्या पाण्यात. नवा मासा सोडण्याआधी दगड आणि लाकडं हलवून ठेवायची, म्हणजे जुन्याची हद्दच पुसली जाते आणि दोघेही परके होतात. मलावी सरोवरातल्या म्बुना गटातल्या माशांसाठी तर उलटाच नियम: मुद्दाम गर्दी करायची, म्हणजे एकाचा राग एकावर न साचता विसांमध्ये विखुरतो. वाल्या कोळ्याच्या घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला होता. इथे मारच सगळ्यांत वाटून दिलेला असतो. हिंसा कमी झाली की फक्त पातळ झाली?

कोनराड लॉरेन्झला हाच प्रश्न वेगळ्या बाजूने भेटला. पुढे 1973 साली नोबेल मिळालेल्या या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने 1963 मध्ये आक्रमकतेवर पुस्तक लिहिलं. ऑस्करच्याच कुळातल्या सिक्लिड माशांची जोडी एकटी ठेवली तर नर शेवटी आपल्या मादीवरच उलटतो, असं त्याने त्यात नोंदवलं. उपाय म्हणून टाकीत मधोमध काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवायची. दोन्ही नर काचेआडून एकमेकांवर धावत आणि दोन्ही संसार सुखाचे होत. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की घरातली भांडणं पुन्हा सुरू. काच पुसली की शांतता. चाळीत राहिलेल्या माणसाला यावर वेगळं भाष्य करायला नको.

पण यावरून मासा म्हणजे रागाचं नुसतं यंत्र, असं म्हणणं अवघड आहे. आफ्रिकेतल्या एका सिक्लिड जातीवरचा अभ्यास 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. इतर नरांच्या झुंजी नुसत्या पाहून हा मासा कोण कोणाहून वरचढ ते ताडतो. ज्या दोघांना त्याने समोरासमोर लढताना पाहिलेलं नसतं त्यांच्याबद्दलही. म्हणजे कोपऱ्यात दबलेला मासाही हिशेब मांडत असतो.

मग घडा पुरेनासा झाल्यावर काय? मनूने मासा शेवटी समुद्रात सोडला. महाभारतातल्या कथेत त्याआधी गंगा येते. आजचा मनूही वाढलेला सकर पिशवीत घालून जवळच्या पाण्यात सोडतो आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी परततो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत आता ठाण मांडून बसला आहे, आणि 2020 मध्ये तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. मनूचा मासा मुळात त्या पाण्याचाच होता. सकर नाही.

राहिला एकटं ठेवण्याचा मार्ग. 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेल्या फ्लॉवरहॉर्नसाठी बहुतेक जण तोच निवडतात. कपाळावरचं टेंगूळ जितकं मोठं तितकं घराला नशीब, या समजुतीपोटी तो बैठकीच्या खोलीत मानाने असतो. त्याला सोबत नाही, म्हणून भांडण नाही. टेंगूळ फुगावं म्हणून काही जण दिवसातून थोडा वेळ काचेला बाहेरून आरसा टेकवतात. मासा कल्ले फुगवून आपल्याच प्रतिमेवर धडका देतो. मग आरसा काढून घेतला जातो, आणि तो बराच वेळ त्याच कोपऱ्याशी घुटमळत राहतो.