पासष्टीचा आकडा आणि वार्धक्याची कसोटी

माणसाचे वार्धक्य चांगले जात आहे हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाला गेल्या साठहून अधिक वर्षांत मिळालेली उत्तरे परस्परांना छेद देणारी आहेत. १९६१ मध्ये एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी वृद्ध व समाज यांनी हळूहळू एकमेकांपासून दूर होणे स्वाभाविक आणि उभयपक्षी हिताचे मानले. जॉन रो आणि रॉबर्ट कान यांनी १९८७ मध्ये ‘यशस्वी वार्धक्या’ची कल्पना मांडली आणि पुढे रोगाचा अभाव, शाबूत कार्यक्षमता व जीवनातील सहभाग हे तिचे निकष ठरवले, मात्र त्यामुळे संधिवाताने जखडलेला माणूस जणू नापासच ठरू लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालाने ‘कार्यात्मक क्षमता’, म्हणजे स्वतःला मोलाचे वाटणारे काम करता येणे, ही कसोटी पुढे आणली आणि ती शरीराइतकीच घर, रस्ता, शेजार व माणसे यांवर अवलंबून असल्याचे मान्य केले, हे तिचे खरे बळ.

ग्वाल्हेरच्या मराठी संगीत परंपरेत या कसोटीचे ठळक उदाहरण आहे. १९१४ मध्ये तेथे शंकर गांधर्व विद्यालय स्थापणारे कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांनी १९५८ मध्ये पासष्टी गाठली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना त्यानंतर, १९५९ मध्ये मिळाला, पद्मभूषण १९७३ मध्ये, आणि ऐंशी ओलांडल्यावरही नात मीता पंडित यांना त्यांनी तालीम दिली. शरीर थकले तरी बंदिशींचा साठा आणि शिष्याची चूक जागीच सुधारणारा कान टिकतो. पण त्याचा उपयोग व्हायला समोर शिष्य बसावा लागतो.

कोविड-१९ च्या साथीत हे समोर बसणेच अडले. २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मे-अखेरच्या केंद्रीय सूचनांनी पासष्टीपुढील व्यक्तींना, अत्यावश्यक गरज वगळता, घरीच राहण्याचा सल्ला दिला. वयाबरोबर या आजारातील मृत्यूचा धोका झपाट्याने वाढत असल्याने तो सल्ला योग्यच होता. तथापि त्यातून १९६१ चा दुरावा संरक्षणाच्या रूपाने परतला आणि वय हीच पुन्हा एकमेव मोजपट्टी झाली. ग्वाल्हेरमधील लष्करसारख्या जुन्या वस्तीतील सेवानिवृत्त माणसाची सकाळची फेरी, देवदर्शन, भजन, बँकेतील खेप ही वेळ घालवण्याची साधने नसून त्याच्या क्षमतेचेच भाग होते, हे ती थांबल्यावर उघड झाले. या संदर्भात केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याची मुदत त्या वर्षी वाढवली गेली, ही बाब लहान वाटली तरी महत्त्वाची आहे, कारण तेथे वृद्धाला नव्हे, तर व्यवस्थेला वाकावे लागले.

शिकवणीपुरता दूरध्वनी व चित्रसंवादाचा आधार होता, आणि अनेक घरांत तो मोलाचा ठरला. परंतु आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्याने गुरूला शिष्याच्या स्वरात स्वर मिळवून गाता येत नाही, एकाला गाऊन थांबावे लागते आणि मग दुसऱ्याला गावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर २०२० रोजी, महामारी चालू असतानाच, २०२१–२०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक घोषित केले, तेव्हा वृद्धांकडे येणाऱ्या माणसांची वाट सुरक्षितपणे कशी खुली ठेवावी हा प्रश्न त्या दशकापुढे पहिल्या दिवसापासूनच उभा होता.