‘विद्यार्थ्याच्या मानानें बरें’

महाविद्यालयाचा वार्षिक अंक हातीं आला म्हणजे आपण तो कसा वाचतों, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. कवितांवरून नजर फिरवावी, एखाद्या निबंधाचीं दोन पानें वाचावीं, प्रयोगशाळेंतील कामाचें टिपण असल्यास तें ओलांडावें, आणि ‘विद्यार्थ्याच्या मानानें बरें आहे’ असा शेरा देऊन अंक खालीं ठेवावा, असा आपला सर्वांचा परिपाठ आहे. हा शेरा आपणांस उदार वाटतो. आम्हांस मात्र त्यांत औदार्यापेक्षां अनादरच अधिक दिसतो.

या शेऱ्याच्या समर्थनार्थ बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें नव्हे. विद्यार्थिदशा ही मुख्यतः संग्रहाची दशा होय. गाणें शिकणारा मुलगा पहाटे उठून पलटे घोकतो, ते मैफलींत ऐकविण्यासाठीं नव्हेत. त्याचप्रमाणें वर्गांतील बहुतेक निबंध, गणितें व प्रयोग हा सराव असतो. ज्याचें उत्तर पूर्वींच ठाऊक आहे तें पुन्हां काढून पाहिल्यानें ज्ञानांत भर पडत नाहीं, हात मात्र तयार होतो. सरावाला निर्मिति म्हणून मिरविणें हेंहि एक प्रकारचें असत्यच होय. परंतु सराव कोठें संपतो आणि निर्मिति कोठें सुरू होते, हें वयावरून किंवा हजेरीपटावरून ठरत नाहीं. त्या कृतींत काय आहे यावरूनच तें ठरतें.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ सालीं लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्यें छापला गेला, तेव्हां ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत शिकत होते व त्यांचें वय अठरा होतें. प्रकाशाच्या विवर्तनानें उमटणाऱ्या विषम पट्ट्यांविषयीं तो निबंध होता. त्या नियतकालिकांत विद्यार्थ्यांसाठीं निराळी पंगत नव्हती.

याहून आपल्या जवळचें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत विद्यार्थी असतांना ९ मे १९१६ रोजीं, मानववंशशास्त्राच्या परिसंवादांत त्यांनीं भारतांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढच्या वर्षीं तो ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्यें प्रसिद्ध झाला. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हेंच जातिसंस्थेचें मर्म होय, हा त्यांतील सिद्धांत. सेनार, नेस्फील्ड, रिस्ले या मान्यवरांच्या व्याख्या त्यांनीं तेथें तपासल्या, आणि त्याच पंक्तींत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचीहि तपासली. केतकरांचा जातिसंस्थेवरील ग्रंथहि १९०९ मध्यें, ते अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतांनाच, प्रसिद्ध झाला होता. एका मराठी विद्यार्थ्यानें दुसऱ्याच्या कृतीचा मान कसा राखला, तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं तिला नुसतें ‘बरें’ म्हटलें नाहीं. जेथें पटलें तेथें गुण मान्य केला, जेथें अपुरें वाटलें तेथें उणीव दाखविली.

खरा आदर तो हाच. ज्याच्याशीं आपण वाद घालतों त्याला आपण बरोबरीचा मानतों. ज्याची पाठ थोपटून पुढें जातों त्याचें म्हणणें आपण बहुधा ऐकलेलेंच नसतें. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. आपला निबंध कोणी वाचणार नाहीं, त्याचीं पानें तेवढीं मोजलीं जातील, असें ज्याला एकदां कळलें, तो दुसऱ्या वेळीं तयार प्रकल्प विकत आणतो. आणि आतां तर यंत्राला विषय सांगितला कीं क्षणांत निबंध हातीं येतो. या अप्रामाणिकपणाची जबाबदारी त्याचीच आहे. ती आम्ही त्याच्या माथ्यावरून उतरवूं इच्छित नाहीं. पण जेथें लेखनाला वाचक नाहीं तेथें सचोटीला साक्षीदार नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

शिवाय, विद्यार्थ्याला लहान लेखण्याची ही संवय श्रेयाच्या वांटणीच्या वेळीं त्याच्यावरच उलटते. केंब्रिज येथें १९६७ सालीं जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ-दुर्बिणीच्या कागदी आलेखांत एक बारीक खूण आढळली. ती दुर्लक्षून पुढें जाणें सोपें होतें; पण त्यांनीं पाठपुरावा केला, आणि नियमित स्पंदनें पाठविणारा पहिला तारा, म्हणजे पल्सार, सांपडला. १९७४ मध्यें त्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिकाचा मान त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांस मिळाला, बेल यांस नाहीं. पुढें २०१८ मध्यें त्यांस तीस लाख डॉलरांचें दुसरें पारितोषिक मिळालें, तें त्यांनीं संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं देऊन टाकलें. त्यांचें मन मोठें, यांत शंका नाहीं. पण वंचिताच्या मोठेपणानें वंचना न्याय्य ठरत नाहीं.

कठोर मापानें कोंवळे अंकुर करपतील, अशी भीति कोणी घालील. पण कठोरपणा आणि निष्ठुरपणा या निराळ्या गोष्टी आहेत. निष्ठुर मनुष्य दोष दाखवून हिणवितो. कठोर वाचक दोष कां झाला तें सांगतो, आणि शंभर उसन्या ओळींत लिहिणाऱ्याची स्वतःची अशी एक ओळ असली तर तिच्यावर बोट ठेवतो. त्या ओळीचा शोध घेणें हें अध्यापकांचें काम आहे, तसेंच घरच्या वडील माणसांचेंहि आहे. तेथें थांबून, ‘हें तूं कशावरून म्हणतोस?’ एवढें मुलाला विचारावें, मुलीलाहि विचारावें. या प्रश्नाचें उत्तर ज्याला देतां येईल त्याचें लेखन, तो विद्यार्थी असो वा पंडित, त्याचें स्वतःचें आहे. आणि ज्याला देतां येणार नाहीं त्याला आपल्या कौतुकापेक्षां त्या प्रश्नाचीच गरज अधिक आहे.