इतक्या जगांत आपली आठवण कोणाला?



पावसाळा संपून आकाश निवळले की आपल्या युवक मंडळाची मुले एक रात्र म्हैसमाळला काढतात. शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यावर आकाशात खरोखर किती तारे आहेत हे छावणीत किंवा सिडकोत वाढलेल्या मुलाला तिथेच पहिल्यांदा कळते. या खेपेस सातवीतला एक मुलगा मोठ्या भावाबरोबर आला होता. बराच वेळ वर पाहत बसला आणि मग त्याने आम्हाला विचारले, "फादर, त्या ताऱ्यांभोवती पण ग्रह आहेत ना? तिथं माणसं असली तर येशू त्यांच्यासाठी पण क्रुसावर मेला का?"

शेजारच्या एका ज्येष्ठ बांधवांनी त्याला दटावले, "असले प्रश्न विचारू नयेत. झोप आता." आणि आम्ही काय केले? "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून वेळ मारून नेली. त्यानंतर तीन रविवार गेले. दटावणाऱ्यांनी निदान मनातले बोलून दाखवले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हाला तेवढेही जमले नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलाचे राहिलेले देणे आहे.

आधी काय सापडले आहे ते पाहू. सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या यादीतील अशा ग्रहांची संख्या ६,०००च्या वर गेली. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. त्याच्याभोवतीही २०१६ साली एक ग्रह सापडला. त्याचे वर्ष अवघ्या ११ दिवसांचे आहे. हा आपला शेजारी म्हणायचा, पण अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांचे. आजवर सर्वांत दूर गेलेल्या व्हॉयेजर यानाच्या वेगाने निघालो तर तिथे पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. आपल्या देशातही हे काम चालते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबूच्या दुर्बिणीतून सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याभोवतीचा ग्रह २०१८ साली निश्चित केला. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या २७ पट आहे.

यातले बहुतेक ग्रह कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. ग्रह ताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यालाही थोडेसे ओढतो आणि तारा किंचित डुलतो. किंवा ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा प्रकाश किंचित मंदावतो. आपल्या पृथ्वीमुळे सूर्य किती डुलतो? सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर. रांगणारे मूलसुद्धा त्याहून वेगाने जाते. इतक्या बारीक खुणेवरून न दिसणारा ग्रह ओळखायचा असतो.

येथे प्रवचनकाराला एक मोह होतो. "पाहा, शास्त्रज्ञही न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवतात, तसाच देवावर आपण ठेवतो," असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. आम्ही तसे म्हणणार नाही. ग्रहाचे माप दुसरा माणूस दुसऱ्या दुर्बिणीने पुन्हा घेऊ शकतो. देव असा मापात येत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या तर श्रद्धा बळकट होत नाही, फक्त टाळ्या मिळतात.

त्याऐवजी एका चुकीकडून शिकू या. पीटर व्हॅन डी काम्प नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. बर्नार्डचा तारा आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती ग्रह असल्याचे त्यांनी १९६३ साली जाहीर केले. अनेक वर्षांच्या छायाचित्रांतून त्यांना तारा डुलताना दिसला होता. पुढे इतरांनी तपासले तेव्हा लक्षात आले की दुर्बिणीच्या भिंगाची दुरुस्ती झाली त्या काळात हा फरक पडला होता. तारा डुलला नव्हता, यंत्र बदलले होते. व्हॅन डी काम्प यांनी हे शेवटपर्यंत मान्य केले नाही. १९९५च्या मे महिन्यात ते वारले. आणि २०२४ साली त्याच ताऱ्याभोवती खरोखर एक ग्रह सापडला. २०२५ मध्ये असे चार लहान ग्रह असल्याचे निश्चित झाले. मग ते बरोबर होते का? नाही. त्यांनी सांगितलेले ग्रह तिथे नव्हतेच. निष्कर्ष योगायोगाने खऱ्याच्या जवळ आला म्हणून कारण खरे ठरत नाही. धर्मगुरूंनी आणि आईवडिलांनी हे मनावर घ्यावे. मुलाला चुकीचे कारण देऊन खरी गोष्ट पटवली, तर कारण कोसळते त्या दिवशी तो खरी गोष्टही टाकून देतो.

आता मुलाचा प्रश्न. तो वाटतो तेवढा नवा नाही. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात काही पंडित ॲरिस्टॉटलच्या आधारे शिकवत की एकाहून अधिक जगे असूच शकत नाहीत. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी २१९ विधाने नाकारली. देवाला अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत, हे विधान त्यांतच होते. त्या काळी 'जग' म्हणजे सारे विश्व, हा फरक ध्यानात ठेवू. पण मुद्दा स्पष्ट आहे. देवाने किती निर्माण करावे हे आपल्या बुद्धीने ठरवू नये. पंधराव्या शतकात कुसाचे निकोलस यांनी इतर ताऱ्यांवरही रहिवासी असू शकतील असे लिहिले आणि पुढे ते कार्डिनल झाले.

पण इतिहास अर्धाच सांगणे बरे नव्हे. असंख्य जगे आहेत असे मानणाऱ्या जोर्दानो ब्रुनो यांना १६०० साली रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांच्यावरचे आरोप अनेक होते आणि बहुतेक श्रद्धेच्या सिद्धांतांविषयीचे होते, हे खरे. तरी माणसाला मतासाठी जाळले, हेही खरे. २००० साली व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल सोडानो यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. "असले प्रश्न विचारू नयेत" हे वाक्य घरात साधे वाटते. पण त्याच वाटेने पुढे गेले तर कुठे पोहोचता येते, ते ख्रिस्तसभेने स्वतःच्या इतिहासात पाहिले आहे.

आज ख्रिस्तसभेचीच एक वेधशाळा आहे. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर होसे गाब्रिएल फुनेस यांना २००८ साली अगदी हाच प्रश्न विचारला गेला. परग्रहावर जीव असतील तर तेही देवाची निर्मिती आहेत, आपण त्यांना भाऊ म्हणू शकतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हरवलेल्या मेंढराचा दाखला देऊन त्यांनी सुचवले की कदाचित हरवलेले ते एक मेंढरू आपणच असू. सप्टेंबर २०२५ पासून या वेधशाळेचे संचालक आहेत गोव्याचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा. पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजातून घेतली.

तेव्हा बाळा, तुझे उत्तर असे. इतर ग्रहांवर कोणी आहे याचा पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. कोणी असेलच तर त्यांना घडवणारा देव तोच, दुसरा नाही. त्यांनी पाप केले का, त्यांना तारणाऱ्याची गरज पडली का, हे आपल्याला माहीत नाही. संत पौल कलस्सैकरांना लिहितात की स्वर्गातील आणि पृथ्वीवरील सर्व गोष्टींचा देवाने ख्रिस्ताद्वारे स्वतःशी समेट केला. म्हणून पुष्कळांचे मत असे की एकच क्रूस सर्वांना पुरेसा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी असाही विचार केला होता की देवाचा पुत्र एकदा मनुष्य झाला म्हणून त्याचे सामर्थ्य संपत नाही. दुसऱ्यांदा देह धारण करणे त्याला अशक्य नाही. शक्य आहे याचा अर्थ घडले आहे असा नव्हे. ख्रिस्तसभेने यावर निर्णय दिलेला नाही. आणि ज्यावर निर्णय नाही, त्यावर प्रश्न विचारणे हे पाप नाही.

हे लिहून झाले असते तर लेख इथेच संपला असता. पण गेल्या महिन्यात मिस्सानंतर आपल्या एक मावशी थांबल्या. त्यांचा मुलगा वाळूजच्या कंपनीत होता, दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीहून परतताना अपघातात गेला. नातवाने मोबाईलवर त्यांना या सहा हजार ग्रहांची बातमी दाखवली होती. त्या म्हणाल्या, "फादर, एवढा पसारा. त्यात देवाला माझ्या पोराचं नाव कशाला ध्यानात राहील?"

मुलाच्या प्रश्नामागे कुतूहल होते, मावशींच्या प्रश्नामागे जखम. आठव्या स्तोत्राचा कर्ताही चंद्र-तारे पाहून याच विचारात पडला होता की माणसाची देवाने का म्हणून दखल घ्यावी. त्या वेळी मावशींना आम्ही नीट बोलू शकलो नाही. नंतर विचार केला तेव्हा वाटले की त्यांच्या भीतीत दोन समजुती दडलेल्या आहेत, आणि त्या आपल्या सर्वांच्याच आहेत.

पहिली समजूत, मोठे ते मोलाचे. पण घरी आपण असे वागतो का? दारातला दगडी चिरा बोरमाळेच्या कितीतरी पट जड असतो, तरी पेटीत आपण बोरमाळच ठेवतो. गुरू ग्रह पृथ्वीच्या ३१८ पट जड आहे, म्हणून त्याचे मोल ३१८ पट होत नाही. कोणी म्हणेल, माणूस विचार करतो म्हणून तो मोलाचा. तेही पुरेसे नाही. मग पाळण्यातले बाळ आणि स्मृती गेलेली आजी यांचे काय? आपण त्यांना जपतो ते त्यांच्या बुद्धीसाठी नव्हे, ती आपली आहेत म्हणून. मोल आकारातून येत नाही, हुशारीतूनही येत नाही. ते कोणाचे तरी असण्यातून येते.

दुसरी समजूत, लक्ष वाटले की कमी होते. आपले होते, यात शंका नाही. साठ मुलांच्या वर्गात बाईंना शेवटच्या बाकावरचे मूल दिसत नाही. आम्ही स्वतः धर्मग्रामातली नावे विसरतो आणि मग गळ्याशी येते. पण देव म्हणजे मोठ्या धर्मग्रामाचा मोठा फादर नव्हे. आपला थकवा आपण त्याच्यावर लादतो. थोडा हिशेब करा. देवाचे लक्ष मर्यादित असते तर या एका पृथ्वीवरची आठशे कोटी माणसेच त्याला केव्हाच जड झाली असती. सहा हजार ग्रहांनी त्यात नवी अडचण काहीच आणलेली नाही. ज्याचे लक्ष अमर्याद आहे त्याच्या लक्षाचे वाटे पडत नाहीत. प्रत्येकाला ते पुरतेच मिळते.

युक्तिवादाने मावशींचे डोळे कोरडे होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही एवढेच केले, मिस्सात त्यांच्या मुलाचे नाव मोठ्याने घेतले. खरे तर ते दोन वर्षे घ्यायला हवे होते. देव विसरला नव्हता, आम्ही विसरलो होतो. देव आपल्याला विसरतो असे माणसाला वाटते, ते पुष्कळदा देवाची माणसे त्याला विसरतात म्हणून.

२०१९ साली जगातील प्रत्येक देशाला एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी मिळाली. भारताच्या वाट्याला सुमारे ३४० प्रकाशवर्षांवरचा एक तारा आला. त्याच्या ग्रहाचे 'संतमस' हे नाव पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने सुचवले. संस्कृतात त्याचा अर्थ दाट अंधार. ताऱ्याचे नाव ठेवले 'बिभा', म्हणजे प्रकाशाचा झोत. हे नाव भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ आहे. त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक होत्या. विश्वकिरणांवर मोलाचे काम करूनही हयातीत त्यांना फारसा मान मिळाला नाही. १९९१ साली त्या वारल्या. त्यांचे नाव एका ताऱ्याला मिळाले याचा आनंद आहे. पण त्या जिवंत असताना ते कोणी आदराने घेतले असते तर?

नोव्हेंबरात आपण मृतांची नावे लिहून वेदीजवळ ठेवतो. यंदा जिवंत माणसांचीही एक यादी करू या. आपल्याच बाकावर दर रविवारी बसणारा, पण ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, असा कोणी असेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे आणि उन्हाळ्यात परतल्यावर कोणी विचारपूस न केलेले कुटुंब असेल. त्यांचे नाव विचारा, लिहा आणि पुढच्या भेटीत नावाने हाक मारा. यासाठी दुर्बीण लागत नाही.

आणि म्हैसमाळला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला निरोप असा: पुढच्या वर्षी नक्की ये. प्रश्न घेऊन ये. उत्तर आमच्याजवळ नसेल तर "माहीत नाही" असे त्याच रात्री सांगू. तीन रविवार थांबवणार नाही.

आपला ख्रिस्तातील सेवक,
धर्मगुरू